अल्गोल अपडेट: कप्पाची रेघ अखेर सपाट झाली

झालं एकदाचं! कप्पा पर्सेईची रेघ सपाट आलीय. (नव्यांसाठी: ययाती म्हणजे पर्सियस तारकासमूहातला अल्गोल दर तीनेक दिवसांनी जोडीदाराच्या आड जाऊन मंद होतो, ती ग्रहणं मी कॅमेऱ्याने मोजतो. शेजारचा कप्पा पर्सेई बदलत नाही, म्हणून मोजमाप बरोबर आहे का ते त्याच्यावरून कळतं.) अंधार पडल्यापासून अल्गोल पश्चिमेला पार खाली उतरेपर्यंत सगळे पॉइंट्स मॅग्निट्यूड 3.80 च्या आसपास (आकडा मोठा तितका तारा मंद), दोन शतांशांच्या आत, कुठेही उतार नाही. मागचा सगळा सीझन ज्यांनी माझे ते घसरगुंडीवाले ग्राफ बघितलेत त्यांना कळेल मी हे एवढ्या आनंदात का लिहितोय.

सेटअप तोच आहे, जुना कॅनन 1100डी, 50 एमएमची लेन्स एफ 4 वर, जुन्या बाजारातला तो जड ट्रायपॉड, फोकस मुद्दाम जरासा बाहेर, 5 सेकंदांचे एक्सपोजर, दहा-दहा फोटो एकावर एक रचून स्टॅक आणि फक्त ग्रीन चॅनल. जागा पण तीच, इंदापूरच्या बाजूला काकांच्या घराची स्लॅब. एका फ्रेममध्ये देवयानीतल्या गॅमापासून ययातीतल्या एप्सिलॉनपर्यंत सगळं बसतं आणि ट्रॅकिंग लागत नाही, म्हणून 50 एमएम मला सोडवत नाही. पण सगळी गोम त्या रुंद फ्रेममध्येच होती.

प्रॉब्लेम असा होता की माझे अल्गोलचे मिनिमम, म्हणजे ग्रहणात तो सगळ्यात मंद असतो ते क्षण, कायम उशिरा येत होते. कधी तीन मिनिटं, कधी सहा, पण कायम उशिरा, लवकर कधीच नाही. अल्गोलचा पिरियड 2 दिवस 20 तास 49 मिनिटं, ग्रहण साधारण 10 तासांचं, 2.1 वरून 3.4 पर्यंत उतरतो आणि परत चढतो. मिनिममची वेळ चांगली पकडली की ती ओ-सी मध्ये (प्रत्यक्ष वेळ वजा गणिताने आलेली वेळ) टाकता येते आणि आपण घेतलेली वेळ त्या ताऱ्याच्या इतिहासात जाऊन बसते. जॉन गुडरिकने 1783 साली हा पिरियड नुसत्या डोळ्यांनी काढून रॉयल सोसायटीला कळवला, तेव्हापासूनची ही साखळी आहे. त्यात आपला एक मणी घालायचा तर तो नीटच हवा ना. सूर्यकेंद्री वेळेचं करेक्शन (पृथ्वी फिरते म्हणून प्रकाश थोडा लवकर-उशिरा पोचतो, त्याचं) लावलेलं होतं, कॅमेऱ्याचं घड्याळ दर वेळी मोबाइलशी जुळवलेलं होतं, तरी उशीरच. दुसऱ्यांनी दिलेल्या वेळा अंदाजाशी नीट जुळत होत्या, म्हणजे ताऱ्यात काही नवीन घडत नव्हतं, गडबड माझ्या डेटातच होती.

आता चेक स्टारकडे या. ज्यांच्याशी तुलना करून अल्गोलचं तेज काढायचं ते कंपॅरिझन तारे म्हणून मी डेल्टा आणि एप्सिलॉन पर्सेई घेतो, दोघंही निळे, अल्गोलही निळा, त्यामुळे कलर टर्मचा, म्हणजे ताऱ्यांच्या रंगातल्या फरकासाठी लावायच्या दुरुस्तीचा, त्रास नाही. चेक, म्हणजे पडताळणीचा स्थिर तारा, कप्पा, अल्गोलच्या अगदी शेजारी. आणि कप्पा रात्रभर मंद होत जायचा. कप्पा काही रूपविकारी, म्हणजे तेज बदलणारा, नाही. म्हणजे जे कप्पाला होतंय तेच अल्गोललाही होतंय. डेल्टा आणि एप्सिलॉन अल्गोलच्या पूर्वेला आहेत, त्यामुळे उगवताना ते खाली आणि अल्गोल वर, मावळताना ते वर आणि अल्गोल खाली. म्हणजे वातावरणातल्या शोषणामुळे अल्गोल त्यांच्या तुलनेत आधी थोडा जास्त तेजस्वी आणि नंतर थोडा जास्त मंद दिसणार, आणि हा उतार रात्रभर एकाच दिशेने. अल्गोल आकाशात सगळ्यात उंच असताना मिनिमम पडला तरी सुटका नाही. ग्रहणाचा तळ चांगला रुंद असतो, त्यावर तासाला दोन शतांशांचा जरी कल बसला तरी सगळ्यात खालचा बिंदू दोन-तीन मिनिटं पुढे सरकतो. मिनिममची वेळ काढायची क्वी-व्हान वुर्डेन पद्धत तर दोन्ही बाजू सारख्या आहेत असं धरूनच चालते, तिला हा कल कळतच नाही, ती शांतपणे उशिराची वेळ देते आणि वर एरर पण छोटी दाखवते.

मग कप्पालाच कंपॅरिझन का करत नाही, असं विचाराल. केलं करून. एक तर तो 3.8 चा आणि अल्गोल ग्रहण नसताना 2.1 चा, त्यात तो पिवळसर नारिंगी, बी-व्ही (रंगाचा आकडा) जवळपास 1, आणि त्याला कंपॅरिझन केलं की चेकला जवळ कोणी उरत नाही. जवळ रो पर्सेई आहे पण तो स्वतःच 3.3 ते 4 मध्ये हलतो, नव्या लोकांनी त्याच्यापासून लांबच राहावं. एका ताऱ्यावर अख्खी रात्र टांगून ठेवायची मला तरी इच्छा नाही.

तर मग प्रत्येक ताऱ्याचा एअरमास (प्रकाश किती हवेतून येतो) काढून 0.25 चा ठरावीक के (दर एअरमासला किती मॅग्निट्यूड घटते) लावून बघितला. थोडा फरक पडला, साधारण निम्मा कल गेला, निम्मा तसाच. आणि वैताग म्हणजे काही रात्री पूर्ण जायचा आणि काही रात्री अजिबात नाही. फ्लॅट्सवर (फ्रेममधला कमी-जास्त उजेड सारखा करायला काढलेले एकसारख्या प्रकाशाचे फोटो) संशय घेतला, फ्लॅट्स परत काढले. (ते ट्रेसिंगचं एलईडी पॅनल फ्लॅटसाठी घेऊ नका, छोट्या एक्सपोजरला त्याच्या लुकलुकण्याचे पट्टे येतात. लेन्सवर पांढरा टी-शर्ट ताणून संध्याकाळच्या आकाशाचे फ्लॅट घ्या, फुकट आणि उत्तम.) मग दवावर संशय. पुण्याच्या तपकीर गल्लीतून अर्ध्या वॅटचे रेझिस्टर आणून समांतर जोडले, त्यांची लेन्सभोवती रिंग केली, 12 व्होल्टवर मस्त कोमट राहते, ऑनलाइन मिळणाऱ्या त्या महागड्या पट्ट्यांपेक्षा ही मला शंभर टक्के जास्त आवडते. लेन्स कोरडी ठणठणीत, आणि कप्पा तरीही घसरतोय.

उत्तर काकांकडून मिळालं. रात्री अकराच्या सुमाराला ते वर आले आणि म्हणाले, "काय रं, आज पण फोटूच का? पलीकडच्या रानात पाचट पेटवलंय त्यांनी, खाली ये, घसा धरंल तुझा." मी म्हटलं, काका, मागच्या खेपेला पण पेटवलं होतं का? तर त्यांनी उसाची तोड कुठल्या कुठल्या रानात कधी झाली आणि पाचट कधी जाळलं हे तोंडपाठ सांगितलं, काकूंनी मध्ये दोन दुरुस्त्या केल्या. मी ते सगळं लिहून घेतलं आणि लॉगशी लावून बघितलं. ज्या रात्री कप्पा हट्टाने घसरला त्या रात्री पश्चिमेला कुठे ना कुठे पाचट जळत होतं! तोडीचा हंगाम आणि अल्गोलचा हंगाम नेमका एकच. थंडीत वारा पडतो, धूर वर जात नाही, जमिनीलगत थर धरून बसतो, आणि दहा-साडेदहानंतर अल्गोल त्याच बाजूला उतरत असतो. डोळ्यांना आकाश स्वच्छच वाटतं, कृत्तिका नीट मोजता येतात, पण खाली के डबल झालेला असतो.

मग अख्ख्या रात्रीला एक के लावून कसं चालेल? इथे ती रुंद फ्रेम कामाला आली. अल्गोल 34 अंशांवर असतो तेव्हा त्याचा एअरमास 1.8 च्या जवळ, त्याच फ्रेममध्ये एप्सिलॉन 44 अंशांवर म्हणजे 1.45 च्या आसपास, आणि देवयानीतला गॅमा 22-23 अंशांवर, 2.5 च्या वर. म्हणजे एकाच फोटोत एवढा मोठा एअरमासचा पट्टा आहे! मग के बाहेरून कशाला आणायचा, प्रत्येक स्टॅकमधून त्या क्षणाचा केच काढायचा. मिरफाक, नू, टाऊ, आयोटा, थीटा, त्रिकोणातला बीटा असे स्थिर तारे घेतले, प्रत्येकाची मोजलेली मॅग्निट्यूड वजा कॅटलॉगमधली व्ही (हिरव्या-पिवळ्या प्रकाशातली मॅग्निट्यूड), आणि ती एअरमाससमोर मांडली. सरळ रेघ येते. तिचा उतार म्हणजे के, आणि जिथून सुरू होते तो झिरो पॉइंट. कलर टर्म मात्र एका स्वच्छ रात्रीवरून काढून कायमची ठेवली, ती पण सोबत फिट करायला गेलं की सगळंच डळमळतं. रो आणि अल्गोल अर्थातच फिटच्या बाहेर. कप्पाही बाहेर ठेवला, त्याला साक्षीदारच राहू दे.

अॅस्ट्रोइमेजजे या सॉफ्टवेअरमधून मोजमाप, बाकी सगळं साध्या स्प्रेडशीटमध्ये. पहिल्यांदा चालवलं तेव्हा के चा ग्राफ बघून मी खुर्चीतून उठलोच. संध्याकाळी 0.28, दहापर्यंत तसाच, मग चढत चढत 0.5 च्या वर. त्या रात्रीचा धूर आकड्यात दिसत होता. आणि खाली कप्पा, सपाट.

मिनिमम अंदाजाच्या एका मिनिटाच्या आत आला. त्यानंतर मी मागच्या सीझनच्या रॉ फाइल्स हार्ड डिस्कवरून काढून परत चालवल्या (म्हणून सांगतो, रॉ कधीही डिलीट करू नका, जेपेगवर तर हे काम होतच नाही), आणि एकेक मिनिमम मागे सरकत आपल्या जागी येऊन बसला. जिथे धूर जास्त तिथे जास्त सरकला, जिथे कमी तिथे कमी. हे बघताना जे काय वाटलं ते सांगता येत नाही.

अजून एक रात्र मात्र पूर्ण सुधारलेली नाही. तिथे फिटमधून उरलेला फरक फ्रेमवर मांडून बघितला तर तारे सारख्या उंचीवर असूनही डाव्या बाजूचे मंद आणि उजवीकडचे ठीक. म्हणजे धुराचा थर सगळीकडे सारखा नव्हता, एका दिशेला लोट होता. आधी ठरवलं होतं की फिटमध्ये दिशेची पण एक टर्म घालायची. पण हे लिहिता लिहिता वाटतंय नको, तारे तेवढेच आणि टर्म वाढवत गेलो तर रेघ कशीही वाकवता येईल. त्यापेक्षा तो डेटा सोडून द्यावा आणि मिनिमम निवडून घ्यावेत. अल्गोलचं वेळापत्रक तसं सोयीचं आहे, दर तीन दिवसांनी मिनिमम 3 तास 11 मिनिटं लवकर येतो, म्हणजे एक पहाटे दोनला असेल तर पुढचा रात्री अकराच्या आत आणि त्याच्या पुढचा पावणेआठच्या आसपास. आणि साधारण 20 दिवसांनी तेच चक्र पावणेदोन तास पुढे सरकून परत. जानेवारीत रात्री आठच्या सुमाराला अल्गोल सगळ्यात उंच असतो, तेव्हा पावणेआठचाच पकडायचा. उतरणारी बाजू बरीचशी उजेडात जाते पण तळ पूर्ण मिळतो, आणि तळ मिळाला की काम झालं.

नुसत्या डोळ्यांनी अंदाज घेणं पण चालूच आहे, दर पंधरा मिनिटांनी एक. कॅमेरा आला म्हणून ते सोडू नका. जेसोरच्या (आता बांगलादेशात) राधागोविंद चंद्रांनी रूपविकारी ताऱ्यांची 37 हजारांहून जास्त निरीक्षणं अशीच कॅमेऱ्याशिवाय, डोळ्यांनी करून एएव्हीएसओ या रूपविकारी तारे बघणाऱ्यांच्या अमेरिकन संघटनेला पाठवली, आणि संघटनेने चंद्रांना 6 इंची दुर्बीण पाठवली. डोळ्याने घेतलेल्या अंदाजांवरून माझा मिनिमम दहा-बारा मिनिटांत येतो, पण तारा उतरताना बघणं हा वेगळाच आनंद आहे. संध्याकाळी देवयानीतल्या गॅमाच्या बरोबरीचा असतो आणि जेवण करून वर यावं तर त्रिकोणातल्या अल्फाएवढा.

पुढचा प्लॅन आरझेड कॅसिओपिये होता, शर्मिष्ठेतला असाच ग्रहणं होणारा तारा. पिरियड 1.195 दिवस, 6.2 वरून 7.7, दोन-अडीच तासांत दीड मॅग्निट्यूड खाली, एका बैठकीत अख्खं ग्रहण. पण तो 50 एमएममध्ये फार बारीक पडतो, लांब लेन्स लावावी लागेल, आणि लांब लेन्स लावली की फ्रेममधला एअरमासचा पट्टा जातो, म्हणजे ही सगळी युक्तीच गेली. लांब लेन्समध्ये कंपॅरिझन एवढे जवळ असतात की युक्तीची गरजच नाही, असंही म्हणता येईल, ते एकदा करूनच बघायला हवं. सध्या मात्र मी रो पर्सेईकडे वळतोय. तो प्रत्येक फ्रेममध्ये आधीपासूनच आहे, डेटा तयार आहे, फक्त लाल असल्यामुळे कलर टर्म जास्त काळजीने काढावी लागेल. फिटमधल्या ताऱ्यांवरून काढलेली टर्म एम वर्गाच्या ताऱ्याला तशीच लावणं मला पटत नाही, त्यासाठी आणखी एक-दोन लाल, स्थिर तारे फ्रेममध्ये शोधतोय.

कोकणात किंवा विदर्भात कोणी 35 ते 50 एमएमवर अल्गोल घेत असेल तर एक मिनिमम एकाच रात्री मिळून करू. तुमच्याकडे ऊस कमी, माझ्याकडे भरपूर, दोन्हीकडचे के शेजारी शेजारी ठेवून बघायचेत. स्प्रेडशीट देतो, त्यात तारे, कॅटलॉगमधल्या व्ही आणि बी-व्ही भरलेल्या आहेत, तुम्ही फक्त तुमचे अक्षांश-रेखांश, वेळ आणि मोजलेले आकडे टाकायचे. कॅमेऱ्याचं घड्याळ मात्र त्याच संध्याकाळी जुळवून घ्या.