सामानाचा विमा हवा होता, घराचे कागद मागत बसले

किरायाच्या घरातल्या सामानाचा विमा काढायला घराच्या मालकीचा एकही कागद लागत नाही. इंडेक्स टू (खरेदीखताच्या नोंदणीचा उतारा) नाही, पीटीआर (मालमत्ता कर नोंदवहीचा उतारा) नाही, मालकाच्या नावाची कर पावतीही नाही. हे आधीच लिहून टाकतो, कारण माझं घोडं नेमकं इथेच अडलं होतं आणि अजून कित्येकांचं तिथेच अडत असणार.

माझ्यावर विम्याची अट भाडेकरारातून आली. छत्रपती संभाजीनगरात सिडको किंवा सातारा-देवळाईकडे असे बरेच फ्लॅट आहेत की मालक पुण्यात, मुलगा परदेशात आणि किरायेदार शेंद्रा-वाळूजच्या कंपनीत. अमेरिकेत भाडेकरारात रेंटर्स इन्शुरन्सची, म्हणजे किरायेदाराच्या विम्याची, अट घालण्याची पद्धत आहे आणि तिथले मालक सर्रास एक लाख डॉलरची लायबिलिटी, म्हणजे किरायेदारामुळे दुसऱ्याचं नुकसान झालं तर त्याचं संरक्षण, मागतात. ती कल्पना इकडे आली, पण करारात लिहिताना वाक्य झालं, ‘भाडेकरूने सदर सदनिकेचा विमा स्वखर्चाने उतरवावा.’ सगळा गोंधळ या एका वाक्यात आहे.

सदनिका मालकाची. ज्या वस्तूचं नुकसान झालं की तुमच्या स्वतःच्या खिशाला थेट झळ बसते, तिचाच विमा तुम्ही काढू शकता. भिंती, स्लॅब, खिडक्या यांचा विमा किरायेदाराने स्वतःच्या नावाने काढला, तर हप्ता कंपनी घेईल, पण क्लेमच्या वेळी पहिला प्रश्न येईल की यात तुमचं काय? आणि मालकाला तर काहीच मागता येणार नाही, कारण पॉलिसीवर त्याचं नावच नाही. म्हणजे पैसे भरून दोघंही उघडे.

असा विमा घ्यायलाच हवा असं सांगणारा कायदा आपल्याकडे नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, नोंदणीची जबाबदारी मालकाची. विमा हा त्या दोघांमधल्या अटीचा भाग, म्हणून सही करण्याआधी वाक्य बदलून घेता येतं. मी असं करून घेतलं: ‘भाडेकरूने स्वतःच्या घरगुती सामानाचा विमा स्वखर्चाने घ्यावा व पॉलिसी शेड्यूलची प्रत मालकास द्यावी. इमारतीचा विमा ही मालकाची जबाबदारी राहील.’ शेड्यूल म्हणजे पॉलिसीचा तपशील छापलेलं पान. दोन ओळी आहेत, पण पुढचं सगळं यावर उभं राहतं.

पॉलिसीचं नाव ‘भारत गृह रक्षा’. विमा नियामकाने (आयआरडीएआय) १ एप्रिल २०२१ पासून सगळ्या साधारण विमा (जनरल इन्शुरन्स) कंपन्यांना ही ठरावीक नमुन्याची पॉलिसी द्यायला लावली आहे. इमारत एकटी, सामान एकटं किंवा दोन्ही मिळून, असं तिन्ही प्रकारे ती घेता येते. नमुना एकच असल्याने कंपनी निवडण्यात फार वेळ घालवू नका. तीन-चार लाखांच्या सामानाला आगीपुराचं संरक्षण वर्षाला काहीशे रुपयांत बसतं.

आता अडलेली जागा.

अर्ज इमारतीपासून सुरू होतो. चटई क्षेत्र, बांधकामाचा प्रकार, बांधकामाचं वय, मजला, असे रकाने आधी येतात, कारण इमारतीची विमा रक्कम चटई क्षेत्र गुणिले बांधकामाचा दर अशी काढतात. ऑनलाइन फॉर्ममध्ये इमारतीच्या रकमेत शून्य टाकलं की पान पुढे सरकत नाही. म्हणून शाखेत जायचं. तिथल्या काउंटरवर उत्तर मिळतं, ‘इंडेक्स टू आणा.’ आपण किरायेदार आहोत म्हटलं की, ‘मग मालकाचा आणा.’ आणि तिथला एजंट मध्येच सुचवतो, ‘सर, त्यापेक्षा घराचाच काढून टाका ना, सामान त्यात आपोआप येतं.’

हा सल्ला वाईट आहे. इमारतीच्या विम्यात तिच्या रकमेच्या २० टक्के, जास्तीत जास्त १० लाख, इतकं सामान आपोआप धरलं जातं हे खरं. पण ते सामान विमाधारकाचं. पॉलिसी मालकाच्या नावाने असेल तर मालकाचं कपाट त्यात येईल, तुमचा फ्रिज नाही. तुमच्या नावाने असेल तर वर सांगितलेला घोळ आहेच.

आणि मालकाचा इंडेक्स टू आणायचा कुठून? आधी तर कोणताही मालक खरेदीखताचा कागद किरायेदाराच्या हातात सहज देत नाही, आणि त्यात त्याचं चूक नाही. दुसरं म्हणजे आपल्या शहराचा मोठा भाग गुंठेवारीत, म्हणजे जमिनीचे तुकडे पाडून बिनपरवाना विकलेल्या प्लॉटवर, आहे. प्लॉट बॉन्डवर, म्हणजे नोंदणीशिवाय नुसत्या स्टॅम्प पेपरवर घेतलेले, गुंठेवारी कायदा २००१ चा, तरी कित्येक घरं अजून नियमित झालेली नाहीत. तिथे मालकाकडेच इंडेक्स टू नसतो. त्या घरात दोन खोल्या घेऊन राहणाऱ्या माणसाला टीव्ही आणि वॉशिंग मशीनचा विमा मिळू नये, कारण घरमालकाच्या प्लॉटची रजिस्ट्री नाही? प्लॉट कोणाच्या नावे आहे याचा त्या टीव्हीशी काय संबंध? ही गोष्ट काउंटरवर समजावून सांगता सांगता घसा कोरडा पडतो, आणि समोरचा माणूस पुन्हा त्याच छापील यादीवर बोट ठेवतो. ती यादी गृहकर्जवाल्यांसाठी केलेली. पॉलिसीवर बँकेचं नाव चढतं तेव्हा ते कागद खरोखर लागतात, किरायेदारासाठी वेगळी यादी कोणी छापलेलीच नसते.

काउंटरवर बोलून हे सुटत नाही. लेखी मागितलं की सुटतं. शाखेच्या ईमेलवर चार ओळी लिहा: अर्जदार भाडेकरू आहे, इमारतीचा विमा नको, फक्त घरगुती सामानाचा, इतक्या रकमेचा हवा, मालकीचा कागद आवश्यक असल्यास पॉलिसीच्या कोणत्या अटीनुसार, ते लेखी कळवावे. सोबत भाडेकरार, आधार, पॅन, महावितरणचं चालू बिल आणि सामानाची यादी जोडा. बिल मालकाच्या नावाने असलं तरी चालतं, ते फक्त जागा दाखवण्यासाठी आहे. शेवटच्या ओळीचं उत्तर कोणाकडेच नसतं, कारण अशी अट पॉलिसीत नाही. मग अर्ज वरच्या कार्यालयात अंडररायटरकडे, म्हणजे विमा द्यायचा की नाही ते ठरवणाऱ्या अधिकाऱ्याकडे, जातो आणि सामानाची पॉलिसी निघते. निघाली तेव्हा जीव भांड्यात पडला, पण राग गेला नाही. जे काम चार ओळींच्या पत्राने होतं, त्यासाठी माणसाला इतकं ताटकळत ठेवायचं कारण नव्हतं.

तरीही हललं नाही, तर आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे, मग विमा नियामकाच्या ‘बीमा भरोसा’ पोर्टलवर किंवा १५५२५५ या नंबरवर. पुढे क्लेमचा वाद झालाच तर मराठवाड्यासाठी विमा लोकपालांचं कार्यालय पुण्याला आहे. फी नाही, वकील लागत नाही. फक्त कंपनीकडे लेखी तक्रार करून एक महिना थांबलेलं असावं लागतं.

पैसे भरण्याआधी पत्ता नीट वाचा. जानेवारी २०२३ पासून प्रत्येक नव्या पॉलिसीला केवायसी लागते आणि केवायसीतून आधारवरचा पत्ता आपोआप उचलला जातो. आधार गावाकडचं, म्हणजे परतूरचं किंवा अहमदपूरचं, तर ‘रिस्क लोकेशन’ (विम्याची जागा) म्हणून तोच पत्ता छापला जातो. सामान शहरात आणि विमा गावच्या वाड्याचा! पत्रव्यवहाराचा पत्ता वेगळा, विम्याची जागा वेगळी, हे दोन रकाने वेगळे भरून घ्या. घर नंबर, गट नंबर, सेक्टर करारात जसा आहे तसाच लिहा. शहराचं नाव एका कागदावर औरंगाबाद आणि दुसऱ्यावर छत्रपती संभाजीनगर असेल तर घाबरू नका, धाराशिववाल्यांनाही हे नेहमीचंच आहे. पिनकोड आणि घर नंबर मात्र सगळीकडे एकच हवा.

यात काय मिळतं ते सांगायचं राहिलं. आग, वीज पडणं, स्फोट, भूकंप, वादळ, पूर, दंगल, टाकी किंवा पाइप फुटून झालेलं नुकसान. आपल्याकडे यातलं काहीच लांबचं नाही. ३० सप्टेंबर १९९३ ची किल्लारीची पहाट लातूर-धाराशिवमध्ये कोणी विसरलेलं नाही, हिंगोली-नांदेडला २०२४ मध्येही धक्के बसले, आणि सप्टेंबर २०२५ च्या पावसात बीड, धाराशिव, लातूरमध्ये घराघरांत पाणी शिरलं. नांदेडला गोदाकाठी किंवा बीडला बिंदुसरा नदीच्या बाजूला तळमजल्यावर किरायाने राहत असाल, तर मालकाने अट घातली नाही तरी घ्या.

साधी घरफोडी मात्र यात नाही. आग-पुरासारखी घटना घडल्यावर सात दिवसांच्या आत झालेली चोरी तेवढी धरतात. दिवाळीत गावी गेल्यावर कुलूप तोडलं, तर या पॉलिसीतून काही मिळणार नाही. त्यासाठी घरफोडीचं संरक्षण जोडून घ्यावं लागतं. त्याने हप्ता वाढतो, तरी आपल्याकडे मला तेच जास्त गरजेचं वाटतं. ते घेताना घर सलग किती दिवस बंद राहिलं तर चालतं ती अट वाचा. क्लेमला पोलिसांत नोंद लागते, तीही लगेच.

दुसरी मेख विजेची. व्होल्टेज वाढून फ्रिजचा कॉम्प्रेसर जळाला तर त्या फ्रिजचे पैसे नाहीत. पण त्याच फ्रिजमधून आग लागून शेजारचं कपाट, गादी, पडदे जळाले तर त्यांचे आहेत. नियम असा की ज्या उपकरणात शॉर्ट झाला तेवढं एकच वगळलं जातं. नुकसान तपासायला येणाऱ्या सर्व्हेअरसमोर ‘शॉर्ट सर्किटने सगळं गेलं’ एवढंच सांगून थांबू नका, आग कुठून कुठे गेली ते दाखवा.

रोकड, कागदपत्रं, गाडी यांचा विमा यात होत नाही. दागिने हवे असतील तर वेगळे, किमतीसकट लिहून द्यावे लागतात. लातूरला शिकवणीसाठी खोली करून राहणाऱ्या मुलांच्या आईवडिलांनी हे लक्षात ठेवावं, गुणपत्रिकांची भरपाई कोणी देत नाही.

यादी करताना प्रत्येक वस्तू आज नवी घ्यायला किती पडेल ती किंमत धरा. कूलर, इन्व्हर्टर-बॅटरी, आरओ, पाण्याच्या टाक्या, भांडी, कपडे लोक विसरतात आणि यांचीच बेरीज मोठी होते. पावत्या नसतील तर मॉडेल नंबरचा स्टिकर स्पष्ट दिसेल असा फोटो काढून स्वतःलाच ईमेल करा, फोनही सामानासोबत जाऊ शकतो. मालकाने दिलेल्या वस्तू, म्हणजे गीझर, पंखे, कपाट, तुमच्या यादीत घालू नका. त्या करारासोबतच्या परिशिष्टात लिहा आणि त्यांचा विमा त्याला काढू द्या.

मालकाची खरी भीती वेगळी असते: किरायेदाराच्या चुकीने घर जळालं तर? त्याच्या इमारतीच्या पॉलिसीतून त्याला भरपाई मिळते, पण नंतर त्याची कंपनी ती रक्कम तुमच्याकडून वसूल करायला येऊ शकते. म्हणून कायदेशीर दायित्वाचं जोडसंरक्षण मिळत असेल तर घ्या. मूळ पॉलिसीत ते नाही, त्यामुळे पॉलिसी शेड्यूलमध्ये ती ओळ छापून आली आहे का ते बघा. मालकाने त्याचं नाव तुमच्या पॉलिसीत घालायचा आग्रह धरला तर त्याला हेच समजावून सांगा, त्याला प्रत मिळाली की पुरे.

गॅसचंही एक आहे, हे फार थोड्यांना माहीत असतं. तेल कंपन्यांनी घरगुती ग्राहकांसाठी अपघात विमा उतरवलेला असतो, पण मालमत्तेच्या नुकसानीची भरपाई, जास्तीत जास्त २ लाख, ग्राहकाच्या नोंदणीकृत पत्त्यावरच मिळते. गावच्या कनेक्शनची टाकी किरायाच्या घरात वापरत असाल तर तो हक्क राहत नाही. एजन्सीत जाऊन पत्ता बदला.

घर बदललं की लगेच कंपनीला कळवून पॉलिसीवर नवा पत्ता चढवून घ्या, सामान ट्रकमध्ये चढण्याआधी. विमा बंदच करायचा असेल आणि त्या वर्षात क्लेम घेतला नसेल, तर एका वर्षाच्या पॉलिसीत उरलेल्या दिवसांचा हप्ता परत मिळतो. नियामकाच्या जून २०२४ च्या परिपत्रकाप्रमाणे रद्द करण्याचं कारण सांगावं लागत नाही. अर्ज द्या, सोबत रद्द केलेला चेक जोडा आणि पोच घेतल्याशिवाय काउंटर सोडू नका.