तूस, कायनाइट आणि भट्टीच्या आधीचे काम

भंडारा जिल्ह्याच्या लाखनी तालुक्यातील पोहरा हे गाव भूशास्त्राच्या पुस्तकांत येते ते तेथील कायनाइट आणि सिलिमनाइट या खनिजांमुळे. शाळेत आम्हाला जिल्ह्याचे खनिज म्हणून मँगनीज तेवढे शिकवले गेले, कारण तुमसरकडच्या खाणी मोठ्या आहेत आणि येता-जाता दिसतात. धानाच्या बांध्यांशेजारी, महुआच्या झाडांखाली पडलेल्या निळसर-राखाडी पात्यांच्या दगडाकडे कुणी बोट दाखवले नाही. विद्यापीठात पदार्थविज्ञान घेतल्यावर, आणि पुढे सिरॅमिक्समध्ये, म्हणजे माती-खनिजे भाजून केलेल्या पदार्थांवर, संशोधन सुरू केल्यावर, हाच दगड माझ्या टेबलावर पांढुरक्या भुकटीच्या रूपात आला. या विषयाकडे वळू पाहणाऱ्या आमच्या भागातील मुलामुलींनी मला अधूनमधून विचारले आहे की या संशोधनात नेमके करतात काय. त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

कायनाइट आणि सिलिमनाइट यांचे रासायनिक सूत्र एकच आहे. दोन्हींत ॲल्युमिनाच्या (ॲल्युमिनियमच्या ऑक्साइडच्या) एका रेणूमागे सिलिकाचा (सिलिकॉनच्या ऑक्साइडचा) एक रेणू असतो, फरक आहे तो अणूंच्या मांडणीत. कायनाइट खोल जमिनीत प्रचंड दाबाखाली तयार होते, त्यामुळे त्याची मांडणी दाटीची आणि घनता 3.6 च्या आसपास असते. त्याला साधारण 1300 ते 1400 अंश सेल्सिअसपर्यंत तापवले की ते मोडते, त्यातून म्युलाइट नावाचे नवे स्फटिक तयार होतात आणि थोडी सिलिका शिल्लक उरते. म्युलाइटची घनता 3.16 इतकीच असल्यामुळे या बदलात आकारमान सोळा-अठरा टक्क्यांनी फुगते. कच्च्या कायनाइटचे मोठे खडे घालून वीट केली तर ती भट्टीत फुगून फुटणार, हे यावरून उघड आहे. म्हणून खडे आधी भाजून घेतात. मात्र हेच कायनाइट बारीक करून, मोजून मातीत मिसळले, तर माती आकसते तेव्हा ते फुगते आणि विटेचे माप टिकते. दोषाचा असा उपयोग करून घेण्याची युक्ती मला या शास्त्रातील सर्वांत देखणी गोष्ट वाटते. पोलादाच्या आणि काचेच्या कारखान्यांतील भट्ट्यांना जे अस्तर लागते, त्यात म्युलाइटला मान आहे, कारण ते तापमानाने फार प्रसरण पावत नाही आणि अचानक गरम-थंड झाले तरी सहजासहजी तडकत नाही.

शिल्लक उरलेल्या सिलिकेला वरून ॲल्युमिना दिला की तिचेही म्युलाइट होते. उलट बाजूने, हातात ॲल्युमिना असेल आणि सिलिका हवी असेल, तर ती आमच्याकडे राइस मिलच्या मागे ढिगाने पडलेली असते. धानाच्या वजनाचा सुमारे पाचवा हिस्सा तूस असते, तूस जाळले की त्याचा जवळपास पाचवा हिस्सा राख उरते आणि त्या राखेत नव्वद टक्क्यांच्या आसपास सिलिका असते. एवढे ऐकून लोकांना वाटते की राख पोत्यात भरून आणली की काम झाले. मिलच्या बॉयलरमधून येणारी राख काळपट असते आणि ती पुन्हा कितीही वेळ भाजली तरी पूर्ण पांढरी होत नाही. याचे कारण पोटॅशियम. तुसातील पोटॅशियम तापल्यावर सिलिकेच्या पृष्ठभागाला वितळवते आणि त्या वितळलेल्या थराखाली कार्बन कोंडला जातो. मग त्याच्यापर्यंत हवा पोहोचत नाही. तेच तूस जाळण्याआधी विरल हायड्रोक्लोरिक आम्लात उकळून, पाण्याने धुऊन, वाळवून घेतले आणि 600 ते 700 अंशांच्या दरम्यान सावकाश जाळले, तर तुसाचा मूळ आकार जसाच्या तसा राहून बर्फासारखी पांढरी राख हाती येते. चिमटीत धरली की ती आवाज न करता चुरते. ही सिलिका स्फटिकरूप नसते, म्हणून ती ॲल्युमिनाशी लवकर अभिक्रिया करते. तापमान फार वाढवले तर तिचे क्रिस्टोबलाइट, म्हणजे स्फटिकरूप सिलिका, होते आणि हा गुण कमी होतो.

यावरून माझ्या मुख्य म्हणण्याकडे येते. बाहेरून पाहणाऱ्याला सिरॅमिक्स म्हणजे भट्टी वाटते, पण संशोधनाची वर्षे जातात ती भुकटीत. भुकटी दळणे, चाळणे, तिच्या कणांचा आकार मोजणे, कण धरून ठेवणारे बाइंडर मिसळणे, पोलादी साच्यात दाबून नाण्याएवढी गोळी काढणे, ती साच्यातून बाहेर काढताना तिच्या कडेला केसासारखी रेघ उमटली आहे का हे भिंगातून पाहणे, बाइंडर जळून जाईपर्यंत तापमान अगदी हळू चढवणे: यातील एका पायरीत घाई झाली की ती भट्टीनंतर दिसते आणि तेव्हा काहीही दुरुस्त करता येत नाही. धातू वितळवून पुन्हा ओतता येतो, ठोकून सरळ करता येतो. भाजलेल्या सिरॅमिकला दुसरी संधी नसते.

याचे शास्त्रीय कारण ए. ए. ग्रिफिथ या इंग्रज अभियंत्याने 1921 च्या निबंधात मांडले. काच तिच्या अणुबंधांवरून काढलेल्या हिशेबापेक्षा कितीतरी कमी ताकदीला का तुटते, तर तिच्यातील सूक्ष्म भेगांच्या टोकाशी ताण एकवटतो म्हणून. धातूत अशा ठिकाणी थोडे वाकणे होऊन ताण विखुरतो. सिरॅमिकमध्ये वाकणे जवळजवळ नाही, म्हणून भेग धावत सुटते. बांधीचा धुरा कितीही भक्कम असला तरी पाणी खेकड्याच्या एका बिळातून निघून जाते, तसे येथे सरासरी मजबुतीला काही अर्थ उरत नाही. सर्वांत मोठी भेग काय ती निर्णय देते. स्वीडनच्या वालोडी वायबुल यांनी या स्वभावासाठी जे संख्याशास्त्र दिले, ते आजही आम्ही वापरतो. त्यामुळे नमुन्याची एक पट्टी तोडून ताकद सांगता येत नाही, साधारण 30 पट्ट्या तोडाव्या लागतात, आणि एकाच भुकटीपासून केलेली मोठी वस्तू लहान वस्तूपेक्षा कमकुवत निघते, कारण तिच्यात मोठी भेग असण्याची शक्यता अधिक असते. पट्ट्या तोडण्याचे हे काम कंटाळवाणे आहे, हेही सांगून ठेवते.

आमच्याकडचे कुंभार तलावातील गाळाच्या मातीत राख, रेती आणि लीद मिसळतात आणि मडकी सावलीत वाळवतात, यामागेही हाच विचार आहे. रेतीमुळे आकसणे कमी होते, लीद जळून बारीक छिद्रे उरतात, सावलीमुळे बाहेरचा थर आतल्या थराच्या आधी आकसून तडकत नाही. वर्धा-यवतमाळकडची निव्वळ काळी माती मडक्याला चालत नाही, कारण तिच्यातील माँटमोरिलोनाइट हे चिकणमातीचे खनिज पाणी पिऊन फुगते आणि वाळताना उन्हाळ्यातल्या शेतासारख्या भेगा पाडते. मडक्यातील छिद्रे पाणी थंड करतात; भट्टीच्या अस्तरातील छिद्रे उष्णता अडवतात; माझ्या गोळीतील छिद्रे मात्र मला नको असतात.

प्रवेशाबद्दल थोडक्यात. सिरॅमिक इंजिनिअरिंग अशी स्वतंत्र पदवी बनारसच्या आयआयटीत किंवा राउरकेलाच्या एनआयटीत मिळते. नागपूरच्या व्हीएनआयटीत धातुशास्त्र आणि पदार्थ अभियांत्रिकीचा विभाग आहे, आणि भौतिकशास्त्र किंवा रसायनशास्त्रात एम.एस्सी. करून या विषयात येणारे माझ्यासारखे अनेक आहेत. पीएच.डी.साठी प्रयोगशाळा निवडताना गाइडचे नाव आणि शोधनिबंधांची यादी सगळेच पाहतात. त्यासोबत तेथील भट्टी किती तापमानापर्यंत जाते आणि ती किती जणांत वाटलेली आहे हे अवश्य विचारा. तारेच्या कॉइलची भट्टी 1200 अंशांच्या थोडी वर थांबते, सिलिकॉन कार्बाइडच्या दांड्यांची साधारण 1400-1500 पर्यंत जाते, आणि म्युलाइट नीट घट्ट व्हायला 1600 च्या आसपास लागतात, म्हणजे मोलिब्डेनम डायसिलिसाइडची भट्टी हवी. ती नसेल तर तुमचा नमुना दुसऱ्या शहरातील रांगेत उभा राहील, आणि शिष्यवृत्तीची मुदत त्या रांगेसाठी थांबत नाही.