आमची वाटचाल : न फुटणाऱ्या अंड्यांनी लावलेली शिस्त

धायरीतल्या आमच्या छोट्या युनिटमध्ये क्रेस्टेड गेको या पाळीव पालीचं ब्रीडिंग होतं, त्यांच्यासाठी टँक बनतात आणि खाद्य म्हणून रातकिडे वाढवले जातात. घर चालतं ते टँक आणि रातकिड्यांवर. पण लोक आम्हाला ओळखतात ते अंड्यांमुळे, तेही न फुटणाऱ्या, म्हणजे पिल्लू न निघणाऱ्या अंड्यांमुळे. कोणाच्या मादीने पिवळट, मऊ किंवा वेडंवाकडं अंडं दिलं की फोटो आमच्याकडे येतो.

माझी आणि माझ्या भागीदाराची सरपटणाऱ्या प्राण्यांची भीती कात्रजच्या सर्पोद्यानात मोडली, पुण्यातल्या अनेकांची तिथेच मोडली आहे. मात्र धंदा सुरू करतानाच ठरवलं होतं, आपल्या डोंगरातली एकही पाल पकडायची नाही आणि विकायची नाही. क्रेस्टेड गेको मूळचा न्यू कॅलेडोनिया बेटांवरचा. तो नामशेष झाला असंच मानलं जात होतं, 1994 मध्ये तो पुन्हा सापडला. आमच्याकडचे सगळे पाळीव पिढ्यांमधलेच आहेत.

मादी एका वेळी दोन अंडी घालते आणि हंगामात साधारण चार ते सहा आठवड्यांनी पुन्हा घालते. चांगलं अंडं पांढरंशुभ्र आणि घट्ट असतं. वांझ अंडं बहुधा पिवळट आणि पिचपिचीत, काही वेळा भुईमुगाच्या शेंगेसारखं मध्येच आवळलेलं. असं अंडं दिसलं की गिऱ्हाईक पहिलं वाक्य बोलतं, "दादा, नर बदलून द्या." नराचा दोष असू शकतो, नाही असं नाही. पण मादी नराशिवायही अंडी घालते, आणि कोवळ्या मादीची पहिली खेप बऱ्याचदा रिकामीच जाते. शिवाय एकदा जोड लागली की ती शुक्राणू महिनोन्‌महिने साठवून ठेवते. म्हणून आम्ही आधी मादीचं तोंड उघडून बघतो.

टाळूला मागच्या बाजूला दोन पांढऱ्या पिशव्या असतात, हा तिचा कॅल्शियमचा साठा. खडूसारख्या ठसठशीत दिसल्या तर ठीक. दिसेनाशा झाल्या असतील तर प्रत्येक नव्या अंड्याचं कवच ती स्वतःच्या हाडांतून भरते आहे असं समजायचं. आधी कवच पातळ आणि वाकडं होतं, मग जबडा मऊ पडतो, पाय थरथरतात. अशा मादीजवळून नर त्याच दिवशी हलवायचा. रातकिड्यांत फॉस्फरस जास्त आणि कॅल्शियम कमी असतं, त्यामुळे त्यांच्यावर डी-3 जीवनसत्त्व असलेली कॅल्शियम पावडर भुरभुरावीच लागते. आमच्या रातकिड्यांना आम्ही शेवग्याचा पाला आणि गाजर घालतो. विकायला निघालेला रातकिडाही रिकाम्या पोटी जात नाही.

अंडं बघायची रीत साधी आहे. अंधाऱ्या खोलीत खालून छोटी टॉर्च धरायची. आत गुलाबी कडं आणि बारीक शिरा दिसल्या तर जीव धरला आहे. सगळीकडे सारखाच पिवळा उजेड पसरला तर बहुतेक वांझ. तरी लगेच फेकू नका. वांझ असेल तर बुरशी आपणहून चढते. गावाकडे कोंबड्या असलेली मंडळी सवयीने अंडी फिरवतात. गेकोच्या बाबतीत ते घातक आहे, कारण गर्भ कवचाच्या आतल्या बाजूला चिकटून वाढतो. आम्ही अंडं उचलण्याआधी वरच्या बाजूला पेन्सिलीने बारीक खूण करतो आणि ती खूण शेवटपर्यंत वरच राहते. चांगल्या अंड्याला खड्डा पडला तर आधी ओलावा तपासा. अंडी ज्यात ठेवतो ते व्हर्मिक्युलाइट (ओलावा धरून ठेवणारं खनिज) आणि पाणी वजनाने सारखं घेतलं की सहसा निभतं.

पुण्याचा पावसाळा आणि थंडी या प्राण्याला मानवते; 22 ते 26 अंश त्याला पुरतं. खरी परीक्षा एप्रिल-मेची. 28 च्या वर जाऊ लागलं की अंड्यातलं पिल्लू दगावण्याची किंवा व्यंगाने निघण्याची भीती असते. त्यात गुरुवारी दुरुस्तीसाठी लाइट जाते. इन्व्हर्टर आहे, तरीही अंड्यांचे डबे आम्ही थर्माकोलच्या पेटीत गार पाण्याच्या बाटल्यांशेजारी ठेवतो. पिल्लू बाहेर यायला दोन ते चार महिने लागतात, तेवढे दिवस पेटीतला थर्मामीटर सकाळ-संध्याकाळ बघणं हे आईने आपणहून अंगावर घेतलेलं काम आहे. पालीच्या नावाने आधी खोलीबाहेर उभी राहणारी ती आता आकडा चढला तर आम्हाला झोपेतून उठवते.

या सगळ्यातून धंद्याचे नियम ठरले. मादी दीड वर्षाची आणि 35 ग्रॅमची झाल्याशिवाय नर दाखवायचा नाही. थंडीत नर वेगळा आणि मादीला पूर्ण विश्रांती. आणि नवख्या माणसाला जोडी द्यायची नाही, एकच गेको द्यायचा. यावरून काही गिऱ्हाइकं रागावून दुसरीकडे गेली. जाऊ देत. मादी पिळून काढलेली पिल्लं विकायची आमची तयारी नाही.

ओल्या कोकोपीटचा, वरून भोक पाडलेला डबा प्रत्येक टँकसोबत देतो, कारण जागा पसंत पडली नाही तर मादी अंडी रोखून धरते. पोट फुगलंय, खाणं बंद आहे, मादी पडून आहे, असं असेल तर पोट चोळत बसू नका. सरपटणाऱ्या प्राण्यांची माहिती असलेल्या पशुवैद्याकडे लगेच न्या.

दिवाळी ते संक्रांत आमच्याकडे पिल्लांचं बुकिंग बंद असतं. टँक आणि रातकिडे चालू राहतात, आणि अंड्याचा फोटो केव्हाही पाठवा. टॉर्च खालून धरून काढलेला असला तर उत्तर लवकर देता येतं.