यल्लम्माकडं गेलेला द्रोण

कार्तिकात आज्जी मला खानापूरच्या घाटावर घेऊन जायची. पळसाच्या पानाचा द्रोण, त्यात तुपाची वात आणि शेवंतीचं एखादं फूल. द्रोण मलप्रभेत सोडला की वळणापर्यंत दिवा दिसायचा, मग नाही. "कुठं जातंय गं आज्जी हे?" मी दर वर्षी विचारायची. ती दर वर्षी तेच सांगायची, "यल्लम्माकडं जातंय की. तिथनं म्होरं तिची मर्जी."

पुढं भूगोल शिकवायला लागले तेव्हा नकाशावर पाहिलं. मलप्रभा खरंच यल्लम्माच्या सौंदत्तीच्या अंगानं जाते, नविलुतीर्थाच्या धरणात साठते आणि कणकुंबीच्या उगमापासून सुमारे 304 किलोमीटर वाहून कूडलसंगमला कृष्णेला मिळते. शाळेची पायरी न चढलेल्या आज्जीचा नकाशा चुकला नव्हता.

हे आठवायचं कारण, यंदा नववीला चुनखडीचा प्रदेश शिकवताना मी ग्रीसमधल्या अल्फिऑस नदीची गोष्ट सांगितली. पेलोपोनीस या ग्रीसच्या दक्षिणेकडच्या द्वीपकल्पातली ही सगळ्यांत लांब नदी, तरी लांबी सुमारे 110 किलोमीटरच. आर्केडियाच्या डोंगराळ भागात उगम, वाटेत लाडोनसारख्या उपनद्या, मग ऑलिम्पियाच्या शेजारून आयोनियन समुद्रात. ग्रीकांनी तिला नदीदेव मानलं, पुरुष. हा अल्फिऑस अरेथुसा नावाच्या अप्सरेच्या मागं लागला. ती पळाली, आर्टेमिस देवीनं तिचा झरा केला, आणि ती जमिनीखालून, समुद्राखालून थेट सिसिलीत सिरॅक्यूजजवळच्या ऑर्टिजिया बेटावर वर आली. अल्फिऑसही समुद्राच्या पोटातून तिच्यापर्यंत गेला. मध्ये पाचशेहून जास्त किलोमीटर खारं पाणी! ऑलिम्पियात नदीत पडलेला पेला म्हणे अरेथुसेच्या झऱ्यात सापडला, आणि तिकडं बैलांचे बळी दिले की इकडं झरा गढूळ व्हायचा. तो झरा आजही आहे, त्यात पपायरसची झुडपं उभी आहेत.

मागच्या बाकावरच्या एका मुलीनं विचारलं, "टीचर, पेला खरंच पोचला काय?"

हाच प्रश्न दोन हजार वर्षांपूर्वी स्ट्रॅबो या भूगोलकारानं घेतला होता. त्याचं उत्तर मला फार आवडतं. तो म्हणतो, नदी समुद्राला मिळण्याआधी एखाद्या विवरात पडत असती तर मानलं असतं. पण तिचं मुख सगळ्यांना उघड दिसतं, तिला गिळणारा भोवराही तिथं नाही. मग ती खाऱ्या पाण्यातून गोडी राखून जाईल कशी?

पण ग्रीकांना हे सुचलं ते उगाच नाही. आर्केडियात पावसाचं किंचित आम्लधर्मी पाणी चुनखडी विरघळवत जातं, खडकात विवरं पडतात. तिथं ओढेच्या ओढे एका तोंडातून आत जातात आणि डोंगरापलीकडं झरा होऊन निघतात. पॉसेनियस या प्रवाशानं दुसऱ्या शतकात लिहिलंय की अल्फिऑस जमिनीत जातो आणि पुन्हा वर येतो, तेही एकदाच नाही. आपल्या डोळ्यांदेखत जी नदी डोंगर पार करते, ती समुद्र का नाही करणार? मला यात खुळेपणा दिसत नाही. नदीकडं रोज बघणाऱ्यांचीच ही गोष्ट आहे.

आसिया नावाच्या गावाजवळची कथा तर मी मुलांना दोनदा सांगितली. तिथं अल्फिऑस आणि स्पार्टाकडं जाणारी युरोटास यांचे झरे शेजारी. पाणी एकत्र होतं, जमिनीत जातं आणि पुढं वेगवेगळं निघतं. एक नदी पश्चिमेच्या समुद्राला, दुसरी दक्षिणेच्या. लोक म्हणायचे, त्या एकत्र पाण्यात ज्या नदीचं नाव घेऊन हार टाकावा, त्याच नदीत तो वर येतो.

हे सांगताना मला कणकुंबी दिसत होती. माउलीच्या देवळाजवळ उगवलेली मलप्रभा पूर्वेला जाते, तिचं पाणी शेवटी बंगालच्या उपसागराला. आणि त्याच गावाच्या परिसरातला कळसा नाला पश्चिमेला गोव्याच्या म्हादई नदीत उतरतो, म्हणजे पणजीजवळ अरबी समुद्राला. ग्रीक कथांमधल्या हेराक्लिस या वीरानं अल्फिऑस आणि पिनिऑस या नद्या वळवून ऑजियस राजाचे गोठे धुतले म्हणतात. आपल्याकडं कळसाचं पाणी मलप्रभेत वळवायचं की नाही हा वाद ऐकण्यात माझी अर्धी नोकरी सरली. धारवाडकडच्या लोकांची तहान खरी आहे आणि म्हादईचं जंगलही खरं आहे. वर्गात मी दोन्ही सांगते.

गेल्या रविवारी वर्गाला घेऊन कणकुंबीला गेले. एक फूल मलप्रभेत सोडलं, एक कळसात. त्याच मुलीनं विचारलं, "आधी समुद्राला कुठलं पोचंल?"

"कळसातलं," मी म्हटलं. "मलप्रभेतलं नविलुतीर्थाला अडकंल."

"म्हणजे यल्लम्माकडं की टीचर," ती म्हणाली. आज्जीचं मी वर्गात कधीच सांगितलं नव्हतं.