सात मिनिटांत पाच समाधानी

डिसेंबर 2020. कॉलेज मार्चपासून बंद, तास गूगल मीटवर. मी नाशिकच्या एका कॉलेजात संख्याशास्त्र शिकवतो, त्यामुळे ‘ऑनलाइन शिक्षणाबाबत विद्यार्थ्यांचं समाधान’ हा सर्व्हे माझ्याच गळ्यात पडणार हे ठरलेलंच होतं. कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकसाठी समाधान एरवीही मोजावं लागतं. यंदा ऑनलाइनचं मोजायचं, एवढाच फरक. गूगल फॉर्म, 20 विधानं, ‘पूर्ण असहमत’ला 1 गुण, ‘पूर्ण सहमत’ला 5. सरासरी चारच्या वर आली. विभागप्रमुख खूश. मीही, खोटं कशाला बोलू.

पाय चार्ट काढण्याआधी सवयीने प्रत्येक ओळीचं, म्हणजे एकेका विद्यार्थ्याच्या उत्तरांचं, प्रमाण विचलन काढलं; उत्तरं एकमेकांपासून किती वेगळी आहेत ते त्यातून कळतं. पाच ओळींत शून्य. सगळी उत्तरं ‘पूर्ण सहमत’. ‘तासाला नेटवर्कची अडचण येत नाही’ यालासुद्धा! वेळेचा रकाना पाहिला. पाचही फॉर्म रात्री 11:40 ते 11:47 च्या दरम्यान आलेले, आणि पाचही रोल नंबर पेठ-सुरगाण्याकडच्या मुलांचे. चूक माझीही होती. प्रश्नावलीत एकही उलटं विधान, म्हणजे सहमत झालं तर नाराजी दिसेल असं, ठेवलं नव्हतं. एकाच रकान्यात टिचक्या मारत गेलं तरी विसंगती म्हणून दिसणार नाही. उलट त्याने क्रॉनबॅकचा अल्फा, म्हणजे उत्तरं आपसात किती जुळतात हे सांगणारा आकडा, फुगतो आणि प्रश्नावली फार विश्वासार्ह असल्याचा भास होतो.

झापायचं ठरवूनच त्यातल्या एकाला फोन लावला. मागे ट्रॅक्टरच्या ब्लोअरची घरघर.

‘‘कुठे आहेस रे?’’

‘‘दिंडोरीला सर, बागेत. डिपिंग चालू आहे.’’

ऑक्टोबर छाटणीनंतर या दिवसांत द्राक्षाचा एकेक घड जीएच्या (जिबरेलिक अ‍ॅसिड या वाढ-संप्रेरकाच्या) द्रावणात बुडवावा लागतो. त्यासाठी पेठ-सुरगाण्याहून माणसं दरवर्षी येतात. त्यात आमच्या वर्गातली पाच आहेत, हे मला त्या दिवशी कळलं. रोज मीटवर त्यांची हजेरी लावत होतो.

‘‘पाचही फॉर्म तूच भरलेस का?’’

‘‘हो सर. नेटवाला मोबाइल माझाच आहे. ग्रुपवर तुम्हीच टाकलं होतं ना, फॉर्म भरल्याशिवाय हजेरी धरणार नाही म्हणून.’’

टाकलं होतं. प्रतिसाद वाढावा म्हणून.

‘‘अरे, पण सगळीकडे पूर्ण सहमत?’’

‘‘खरंच समाधानी आहोत सर. कॉलेज चालू असतं तर नाशिकला खोली करावी लागली असती. आता मजुरी पडते नि हजेरीही लागते. कानात हेडफोन घालतो, एका हातात मग, दुसऱ्या हाताने घड सांभाळायचा.’’

‘‘आणि शिकवलेलं समजतं?’’

ब्लोअर जवळ येऊन लांब गेला. मला वाटलं फोन कटला.

‘‘ते फॉर्मात कुठं विचारलं होतं, सर?’’

फोन ठेवून प्रश्नावली पुन्हा उघडली. शिक्षक वेळेवर येतात. आवाज स्पष्ट येतो. नोट्स मिळतात. घरबसल्या शिकणं सोयीचं वाटतं. अशी 20 विधानं, आणि ‘मला विषय समजला’ असं एकही नाही. द्विपद वितरण, म्हणजे ठरावीक प्रयत्नांत एखादी गोष्ट किती वेळा घडेल याच्या शक्यता, शिकवून दोन आठवडे झाले होते. पडद्यावरची गोल चित्रं बघत मी ‘समजलं ना?’ विचारायचो, चॅटमध्ये ‘येस सर’ची रांग लागायची, आणि मी पुढच्या स्लाइडवर जायचो.

त्या पाच ओळी काढून टाकल्या. सरासरी फारशी हललीच नाही. विभागप्रमुखांना मी सगळं सांगितलं. ते म्हणाले, ‘‘मग झालं तर! पाचांनी काय फरक पडतो?’’ गणिताने त्यांचं बरोबर होतं. अहवाल संध्याकाळीच गेला.

त्या मुलाला मात्र रात्री परत फोन केला. पिकअप त्यांना सकाळी लवकर उचलते, संध्याकाळी अंधार पडल्यावर सोडते. रात्री साडेआठला तास घेतला तर? म्हणाला, ‘‘चालेल सर, पण व्हिडिओ बंद ठेवा. पाच जणांत दीड जीबीचा एकच पॅक आहे.’’

पहिल्या रात्री थंडी कडाक्याची होती. पडद्यावर त्याचं एकच नाव आणि मी एकटा. हजेरी घेतली. एकाच माइकमधून पाच वेगवेगळे ‘हजर सर’ आले. चौथा मुलीचा होता, तिचा आवाज मी वर्षभरात पहिल्यांदा ऐकत होतो. द्विपद वितरण पुन्हा पहिल्यापासून घेतलं, प्रत्येक प्रयत्न इतरांपासून स्वतंत्र धरायचा या अटीसकट. 100 घडांतले किती खराब निघतील, असं उदाहरण दिलं, तर तिने मध्येच अडवलं, ‘‘सर, पाऊस झाला तर सगळेच एकदम जातात. मग तुमचं ते ‘स्वतंत्र’ कसं धरायचं?’’