पाच सेकंदांची शिट्टी

मी गेम्ससाठी आवाज बनवते. दार आपटलं, काच फुटली, बूट चिखलात रुतला, असलं सगळं रेकॉर्ड करायचं, कापायचं, एकावर एक रचायचं, दिवसभर हेच. तेव्हा आमचं काम एका युद्धाच्या गेमवर चालू होतं आणि त्यातल्या एका इफेक्टवर मी भलतीच खूश होते. जवळ स्फोट झाला की सगळे आवाज उशीखाली दाबल्यासारखे मंद होतात, कानात एक बारीक शिट्टी सुरू होते, आणि पाच सेकंदांत शिट्टी विरून सगळं पूर्ववत. शिट्टी म्हणजे काय तर ४००० हर्ट्झचा साधा टोन, पण ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा यायचा. टीममध्ये सगळ्यांनी कौतुक केलं होतं.

मग एक दिवस ठरलं की गेम माजी सैनिकांकडून खेळून घ्यायचा. चार जण येणार होते. आम्ही इतके घाबरलेलो की विचारू नका. शेजारच्या खोलीत समुपदेशक बसवलेली, खेळणाऱ्याने हात वर केला की एका सेकंदात गेम बंद, आम्ही कोणी मोठ्याने बोलायचं नाही, मागून जाऊन खांद्याला हात लावायचा नाही, अशी पानभर सूचनांची यादी. आमच्या डोक्यातला माजी सैनिक म्हणजे सिनेमातला, फटाका वाजला की टेबलाखाली जाणारा. तसे लोक असतात आणि त्यांचा त्रास खरा असतो, त्यात हसण्यासारखं काही नाही, पण आम्ही चौघांनाही न भेटताच त्याच साच्यात बसवून मोकळे झालो होतो.

पहिला तास ते नुसते हसत होते. एकमेकांना शिव्या, चुकून आपल्याच माणसावर ग्रेनेड, परत हशा. पायदळातले एक होते ते तर आमच्या टेस्टरपेक्षा भारी खेळत होते. रोज रात्री खेळतो म्हणाले, जुन्या तुकडीतल्या दोस्तांबरोबर, कोण कुठल्या कुठे राहतो पण रात्री सगळे हेडसेट लावून हजर. मी विचारलं, सर, एवढं सगळं प्रत्यक्ष केल्यावर परत हेच का खेळता? तर म्हणाले, "फोन करून काय बोलणार? कसा आहेस, बरा आहे, संपलं. खेळताना दोन तास गप्पा होतात आणि मधेच कोणीतरी काहीतरी खरं बोलून जातं. गेम कुठलाही चालेल हो." याच्या बरोबर उलट दुसरे. ते म्हणाले मी घरी फक्त फुटबॉलचा गेम खेळतो, "ते काम होतं माझं, सुट्टीच्या दिवशी ऑफिसला कोण जातं?" दोघांनी एकमेकांचं ऐकलं, मान हलवली, वाद वगैरे काही नाही.

तक्रारी मात्र भरपूर निघाल्या आणि आम्हाला वाटलेलं त्यातली एकही नाही. रक्ताबद्दल कोणी अवाक्षर काढलं नाही. तिसऱ्या होत्या त्या मेडिक. पडलेल्या माणसाला इंजेक्शन मारलं की तीन सेकंदांत तो थँक यू म्हणून पळायला लागतो, ते बघून त्या स्क्रीनकडे बघतच राहिल्या आणि मग म्हणाल्या, "हे बटण मला कोणी दिलं नव्हतं." हसतच म्हणाल्या तशा. त्यांचीच दुसरी तक्रार होती की शहर रिकामं कसं? भांडी कोणाची, वाळत घातलेले कपडे कोणाचे, माणसं कुठे गेली? गेमवाले गर्दी टाळतात कारण सामान्य माणूस मारला गेला तर खेळाचं काय करायचं हे कोणालाच नीट ठरवता येत नाही. २०१४ च्या दिस वॉर ऑफ माइन मध्ये वेढ्यात अडकलेल्या साध्या माणसांनाच खेळाच्या मध्यभागी ठेवलंय, बोस्नियातल्या साराजेव्हो शहराच्या वेढ्यावरून सुचलेला गेम आहे तो, पण असे गेम थोडे.

माझ्या खात्यातली चूक चौथ्यांनी पकडली, हे तोफखान्यातले. म्हणाले, गोळी आधी येते, बंदूक नंतर. मला माहीत होतं हो, पुस्तकात वाचलेलं. रायफलची गोळी सुरुवातीला सेकंदाला ९०० मीटरच्या आसपास वेगाने सुटते, आवाज जातो ३४० ने, त्यामुळे ३०० मीटरवरून कोणी झाडली तर आधी डोक्यावरून फट्कन चाबूक ओढल्यासारखं होतं आणि साधारण अर्ध्या सेकंदाने लांबून धप्प ऐकू येतं. त्या मधल्या फटीवरून शत्रू किती लांब ते सैनिक ओळखतो. आमच्या गेममध्ये दोन्ही एकदमच वाजत होते कारण तसं जास्त दणदणीत वाटतं. त्यांनी एवढंच म्हटलं, "मग मी मोजणार काय?" गपचूप लिहून घेतलं.

मधल्या सुट्टीत विषय सिक्स डेज इन फलुजा वर गेला. २००४ मध्ये इराकमधल्या फलुजात झालेल्या लढाईवरचा गेम, तिथे लढलेल्या अमेरिकी मरीन सैनिकांना सोबत घेऊन बनत होता. २००९ मध्ये जाहीर झाल्यावर इतका गदारोळ झाला की प्रकाशक कंपनी कोनामीने हात काढून घेतला आणि शेवटी तो अर्ली ॲक्सेसमध्ये, म्हणजे पूर्ण व्हायच्या आधीच खेळायला, आला तो २०२३ ला. गंमत अशी की सैनिक दोन्ही बाजूंना होते. काहींना वाटत होतं आमची गोष्ट सांगितली जावी, तर काही जण आणि मेलेल्यांचे घरचे म्हणत होते की त्या मरणाचा खेळ करू नका. आमच्या चौघांतही तेच झालं. मेडिक बाईंचं म्हणणं, लोकांना कळायला आणखी वेळ जाऊ द्यायला हवा. पायदळवाल्यांचं म्हणणं, अजून वाट बघितली तर सांगणारे उरणार नाहीत. फुटबॉलवाले मोबाईल बघत बसले होते.

सुट्टीनंतर पंधरा मिनिटं झाली असतील. तोफखानावाल्यांच्या पात्राजवळ गोळा पडला, माझा लाडका इफेक्ट सुरू झाला, आणि त्यांनी हेडफोन काढून टेबलावर ठेवला. माझ्या पोटात गोळाच आला. सगळ्या स्क्रीन बंद केल्या, समुपदेशक धावत आली, मी सॉरी सॉरी करत आत. ते आमच्याकडे गोंधळून बघतायत. म्हणाले, "अहो काही झालं नाही. तुमचा सूर चुकलाय. माझा याच्यापेक्षा वर आहे."

त्यांच्या कानात ती शिट्टी बारा वर्षं चालू होती. रात्रंदिवस.

याला टिनिटस म्हणतात, बाहेर आवाज नसताना कानात वाजत राहणं, आणि मला ते माहीत होतं. आतल्या कानातल्या केसांसारख्या पेशी मोठ्या आवाजाने मरतात, परत उगवत नाहीत, मग मेंदू ती रिकामी जागा स्वतःच्याच आवाजाने भरतो असं ढोबळमानाने मानतात. अमेरिकेत माजी सैनिकांना ज्या दुखण्यांसाठी भरपाई मिळते त्यात हे यादीत सगळ्यात वर आहे. एवढं ठाऊक असून मी त्याला पाच सेकंदांचा मसाला म्हणून वापरलं होतं. कॉल ऑफ ड्यूटीच्या २०२२ च्या मॉडर्न वॉरफेअर टू या गेममध्ये हा आवाज कमी करायची सेटिंग आहे, ती सेटिंग बघून मी एकदा म्हटलेलं पण आठवतं की कोणाला एवढ्याशा शिट्टीचा त्रास होतो. असो.

ते म्हणाले, दाखवू का कुठे आहे? मग आम्ही माझ्या खोलीत आलो. मी टोन लावला, अगदी हळू, आधीच दुखावलेल्या कानाला आणखी काय द्यायचं, आणि सूर चढवत गेले. पाच हजार. वर. साडेपाच. अजून वर. ६२०० च्या आसपास त्यांनी बोट वर केलं आणि डोळे मिटले. "हाच. उजवीकडे थोडा जास्त." उजवीकडे थोडा वाढवला. मला वाटलं आता बास म्हणतील, पण म्हणाले राहू दे जरा. बाहेरचा आणि आतला एक झाला की आपला आहे असं वाटत नाही, असं काहीतरी म्हणाले. मिनिटभर तसेच बसलो. मग मी टोन बंद केला.

ते हललेच नाहीत. बोट तसंच वर. मला वाटलं यांना कळलं नाही की बंद केलाय, मी तोंड उघडणार तेवढ्यात त्यांनी हातानेच थांब केलं.

"गेला," म्हणाले.

याला रेसिड्युअल इनहिबिशन म्हणतात हे मी रात्री घरी जाऊन वाचलं. काही जणांत बाहेरचा आवाज थांबल्यावर कानातला आवाजही थोडा वेळ दबतो, बहुतेकदा काही सेकंद ते मिनिटभर, आणि सगळ्यांना होतंच असं नाही. तेव्हा मला यातलं काहीच माहीत नव्हतं. त्या खोलीला ध्वनीरोधक भिंती आहेत, पंखासुद्धा नाही. मी श्वास पण जपून घेत होते कारण एवढ्या वर्षांनी शांतता ऐकणाऱ्या माणसाला माझ्या नाकाचा आवाज कशाला. भिंतीवर घड्याळ नव्हतं म्हणून कॉम्प्युटरवरच्या आकड्यांकडे बघत राहिले. अडतीस, एकोणचाळीस, चाळीस. त्यांनी डोळे उघडले नव्हते. चव्वेचाळीसला बोट हळूच खाली आलं.

"आला परत," म्हणाले. मग उठून खुर्ची नीट आत सरकवली. "तो आकडा मला कागदावर लिहून दे, डॉक्टरला दाखवतो. आणि ते गोळीचं विसरू नकोस, आधी गोळी, मग बंदूक. चल, ते तिघं खोळंबलेत."

नंतरची मॅच ते हेडफोन एकाच कानाला लावून खेळले आणि साफ हरले. पायदळवाल्यांनी त्यांना पार गाडीत बसेपर्यंत त्यावरून चिडवलं.