चॅटर्जींचा पक्षी तुम्ही का मोजत नाही?

पक्ष्यांच्या उगमावर बोलून झालं की कुणीतरी हमखास विचारतं, "आर्किऑप्टेरिक्स पहिला पक्षी म्हणता, मग आपल्या शंकर चॅटर्जींचा प्रोटोएव्हिस कुठे गेला?" एकदाचं लिहूनच टाकतो.

विसरलेलो नाही. कोलकात्याच्या या जीवाश्मशास्त्रज्ञाने टेक्सासातल्या पोस्ट गावाजवळची हाडं १९८६ मध्ये पक्ष्याची म्हणून जाहीर केली, १९९१ मध्ये त्यांना प्रोटोएव्हिस हे रीतसर नाव दिलं. आर्किऑप्टेरिक्स १५ कोटी वर्षांपूर्वीचा. हा त्याच्याही सहा-सात कोटी वर्षं आधीचा.

पुण्यातल्या एका व्याख्यानानंतर एक निवृत्त गृहस्थ उठले. शांतपणे म्हणाले, "चॅटर्जींऐवजी स्मिथ आडनाव असतं, तर?" टाळ्या पडल्या. मी हाडांवर घसरलो. ती चेंगरलेली, सुटी सुटी. काहींच्या मते मान झाडावर चढणाऱ्या सरड्यासारख्या प्राण्याची, मांडी आणि घोटा छोट्या डायनासोरचा. पिसाचा ठसा एकही नाही. हाताच्या हाडावरचे बारीक उंचवटे पिसांचेच, हे चॅटर्जींचं वाचन. गृहस्थ म्हणाले, "हाडांचं मी विचारलंच नव्हतं," आणि बसले. पुढचा प्रश्न कुणी काय विचारला, मला ऐकूच आलं नाही.

अहो, शंका घेणाऱ्यांत जॉन ऑस्ट्रॉम होते, पक्षी डायनासोरांतून आले हा विचार पुन्हा उभा करणारे! चॅटर्जीही तेच मानतात. मग आकस कसला? त्याच खाणीतल्या शुवोसॉरसला चॅटर्जींनी १९९३ मध्ये मुलाचं नाव दिलं. बिनदाताचं तोंड पाहून तो शहामृगासारखा डायनासोर वाटला होता. निघाला मगरींच्या गोतावळ्यातला. ट्रायासिक, म्हणजे डायनासोर नुकते अवतरले त्या काळातले प्राणी असेच चकवतात, आडनाव विचारून नव्हे.

हे सगळं खरं. पण 'आधी वर्तमानपत्रं, मग शोधनिबंध, म्हणून विश्वास गेला' असं मी पूर्वी ठणकावून सांगायचो, तेवढा आवाज आता लागत नाही. गाजावाजा आधी करणारे गोरेही कमी नाहीत, आणि सगळ्यांना तो सारखाच महाग पडतो का, हे मी छातीठोक सांगू शकत नाही. त्याने मोडकी मान जुळत नाही, एवढंच.

मान, खांदा आणि पंख एकाच दगडात जोडलेले सापडू द्या, स्लाइड त्याच रात्री बदलतो. तोवर प्रोटोएव्हिस प्रश्नचिन्ह लावून कोपऱ्यात राहील. काढून टाका म्हणणारेही भेटतात. त्यांचंही ऐकत नाही.